टाळ्या मिळाल्या, मदत अडकली: मग झेलेन्स्कीच्या भाषणाने केलं काय?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. 21 डिसेंबर 2022 ला रशियाशी लढणाऱ्या युक्रेनचा राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की अमेरिकन काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, बोलला तेव्हा सभागृह उठून उठून टाळ्या वाजवत होतं, आणि वर्ष उलटायच्या आत त्याच सभागृहात युक्रेनची मदत अडकली, मग असल्या भाषणांचा खरंच काही उपयोग असतो की सगळी नौटंकी? आणि जोडीला एक घरगुती प्रश्न, की तुमच्या मुलीने कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी हेच भाषण घेतलंय तर तिने त्यात काय बघावं.

मी 24 वर्षं भाषणं लिहिते. स्वतःची नाही, दुसऱ्यांची. चेअरमन, आमदार, संस्थाचालक, एकदोन मंत्री, बऱ्याच जणांच्या तोंडची वाक्यं माझ्या टेबलावर तयार झालीत आणि नाव कुठेच नाही, तो या धंद्याचा नियमच आहे. युद्धातलं भाषण लिहायची वेळ माझ्यावर आलेली नाही आणि येऊ नये. पण दुसऱ्याच्या दारात उभं राहून मागायची भाषणं मात्र ढिगाने लिहिलीत, दुष्काळासाठी, हॉस्पिटलसाठी, शाळेच्या छपरासाठी, त्यामुळे मागण्याचं तंत्र थोडंफार कळतं. बाकी जे सांगतेय ते भाषणं परत परत ऐकून, वाचून.

आधी तुमचा प्रश्न जरा वळवून घेते. "भाषणाने मदत मिळते का" असं विचारलं की उत्तर "नाही" असंच येतं, कारण एवढ्या मोठ्या रकमा आणि शस्त्रं कुणी अर्ध्या तासाच्या बोलण्यावर देत नाही. विचारायचं ते हे, की जो द्यायच्या बेतात आहे पण घरच्यांना घाबरतोय त्याला भाषणाने काही हातात मिळालं का. अमेरिकन खासदार झाला तरी त्याला परत आपल्या मतदारसंघात जायचंय, तिथे कुणीतरी उभं राहून विचारणार की इथले रस्ते खड्ड्यात गेलेत आणि तुम्ही युक्रेनला पैसे का देताय. त्या माणसाला द्यायला एक वाक्य, एवढंच काम असतं भाषणाचं.

हे मला कसं कळलं ते सांगते, चूक माझीच होती म्हणून लक्षात राहिलं. एका दुष्काळात एका संस्थेचे अध्यक्ष परदेशातल्या मराठी मंडळींसमोर बोलायला निघाले होते आणि भाषण माझ्याकडे आलं. मी जीव ओतून लिहिलं, तडे गेलेली जमीन, दाव्याला उपाशी बांधलेली बैलजोडी, तीन कोसांवरून हंडा आणणारी म्हातारी, सगळं. लोक रडले म्हणे. नंतर जेवणाच्या रांगेत मसालेभात वाढून घेताना एका गृहस्थांनी सरांना विचारलं, "भाषण फार छान झालं हो, पण मी द्यायचे किती आणि कशाचे? घरी काय सांगू?" सरांकडे उत्तर नव्हतं कारण ते मी लिहिलंच नव्हतं. जमले ते पैसे प्रवासखर्चाच्या थोडे वर गेले एवढंच. तेव्हापासून प्रत्येक मागणीच्या भाषणाला मी एकच चाळणी लावते, ऐकणारा घरी गेल्यावर माझं कुठलं वाक्य स्वतःचं म्हणून बोलेल? एकही सापडलं नाही तर खर्डा फाडायचा.

आता ही चाळणी डिसेंबर 2022 च्या भाषणाला लावा. त्यात एक वाक्य आहे, तुमचा पैसा म्हणजे दानधर्म नाही, ती जगाच्या सुरक्षेतली आणि लोकशाहीतली गुंतवणूक आहे, आणि आम्ही ती अतिशय जबाबदारीने वापरतो. बातम्यांत सगळ्यांनी पहिला भाग उचलला, मला शेवटचा तुकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. कारण त्याच ऑक्टोबरमध्ये रिपब्लिकन नेते केविन मॅकार्थी म्हणून गेले होते की आम्ही युक्रेनला कोरा चेक देणार नाही, आणि जानेवारीत कनिष्ठ सभागृह रिपब्लिकनांच्या हातात जाणार हे निकालांवरून ठरलेलं होतं. म्हणजे "जबाबदारीने" हा शब्द टाळ्या वाजवणाऱ्या डेमोक्रॅटसाठी नव्हताच, तो पुढच्या महिन्यात तिजोरीच्या किल्ल्या ज्यांच्याकडे जाणार होत्या त्यांच्यासाठी होता, आणि दान नसून गुंतवणूक ही भाषाही त्यांचीच, धंद्याच्या माणसाला पटेल अशी. त्याच भाषणात इराणने रशियाला दिलेल्या ड्रोनचा उल्लेख आहे, तोही तसाच मोजून मापून, कारण इराण म्हटलं की रिपब्लिकन बाकांवर कान टवकारले जाणारच. आणि तिसरं, आमच्या जमिनीवर आमच्याऐवजी लढा असं आम्ही अमेरिकन सैनिकांना कधीच म्हटलेलं नाही, तुमचे रणगाडे आणि विमानं आमची पोरं व्यवस्थित चालवतील. इराक-अफगाणिस्तानला कंटाळलेल्या मतदाराची जी पहिली शंका, की आमची पोरं पाठवायची का, तिला कुणी विचारायच्या आधीच उत्तर दिलेलं आहे.

या दौऱ्यातली एक गोष्ट बाहेरून दिसत नाही. मोठा होकार आधीच ठरलेला होता. पॅट्रियट ही हवाई संरक्षण यंत्रणा आणि 1.85 अब्ज डॉलरचं पॅकेज त्याच दिवशी जाहीर झालं, आणि युक्रेनसाठीचे जवळपास 45 अब्ज डॉलर काँग्रेसपुढच्या मोठ्या खर्चाच्या बिलात आधीपासून बसलेले होते, ते पुढच्या दोन दिवसांत दोन्ही सभागृहांत पास झालं. म्हणजे भाषणाने बिल पास झालं असं कुणी म्हणत असेल तर तसं नाही, पण मत द्यायला बोट वर करताना हात थरथरू नये याची सोय भाषणाने केली. आपल्याकडे साखरपुडा झाल्यावर मुलाकडचे येऊन दोन शब्द गोड बोलून जातात ना, लग्न त्याने ठरत नाही पण मोडायची शक्यता कमी होते, तसं काहीसं.

आता यात काय काय परिस्थितीवर अवलंबून असतं तेही मान्य करते, नाहीतर वाटेल की चांगलं लिहिणारा मिळाला की झालं. यजमान देशात निर्णय टेबलावर आहे की नाही, निवडणूक किती लांब आहे, देणाऱ्याचं स्वतःचं नुकसान किती, आणि मागणाऱ्याचा शत्रू देणाऱ्याला हवाहवासा आहे का, यातलं काहीही लिहिणाऱ्याच्या हातात नसतं. याचं सगळ्यात वाईट उदाहरण 1936 चं आहे.

इथिओपियाचा सम्राट हेले सेलासी. मुसोलिनीच्या फौजांनी त्या वर्षी 5 मे ला आदिस अबाबा घेतलं, सम्राटाला देश सोडावा लागला, आणि 30 जूनला ते जिनिव्हात राष्ट्रसंघासमोर, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या संघटनेसमोर, उभे राहिले. बोलायला सुरुवात करायच्या आधीच वर बसलेल्या इटालियन पत्रकारांनी शिट्ट्या आणि आरडाओरडा सुरू केला, त्यांना बाहेर काढावं लागलं, आणि हा माणूस शांतपणे उभा. मग अम्हारिकमध्ये, म्हणजे स्वतःच्या भाषेत, बोलले. पहिल्याच वाक्यात सांगितलं की माझ्या लोकांना देय असलेला न्याय आणि आठ महिन्यांपूर्वी पन्नास राष्ट्रांनी आक्रमण झालंय असं मान्य करून ज्या मदतीचं वचन दिलं ती मदत मागायला मी आलोय. बघा, विनंती नाही, उधारी वसुली. पुढे विषारी वायूचं वर्णन आहे आणि ते मी नवीन मुलांना शिकवताना मुद्दाम वाचायला लावते, कारण त्यात विशेषणं जवळजवळ नाहीत, नऊ, पंधरा, अठरा विमानं एकामागोमाग अशी उडत गेली की त्यातून पडणारं धुकं सलग चादरीसारखं पसरावं, आणि खाली माणसं, गुरं, नद्या, तळी, कुरणं. आकडा आणि क्रियापद, बस. आणि शेवटी एकच प्रश्न, मी माझ्या लोकांना काय उत्तर नेऊन देऊ?

लिहिणारी म्हणून मला त्यात एक शब्द बदलता येणार नाही. आणि उपयोग? 4 जुलैला, म्हणजे चार दिवसांत, राष्ट्रसंघाने इटलीवरचे निर्बंध उठवायचं ठरवलं. कारण उघड होतं, ब्रिटन आणि फ्रान्सला हिटलरविरुद्ध मुसोलिनी आपल्या बाजूला हवा होता, म्हणून तर निर्बंध होते तेव्हाही तेल त्यातून वगळलेलं आणि सुएझ कालवा इटलीच्या जहाजांना उघडाच. सभागृहातल्या एकालाही "घरी काय सांगू" हा प्रश्न पडलेला नव्हता, कारण घरी सांगायचं त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. असल्या ठिकाणी भाषण फक्त नोंदीसाठी राहतं. पण नोंद ही लहान गोष्ट नाही हेही सांगते. चार वर्षांनी इटली ब्रिटनचा शत्रू झाल्यावर तेच ब्रिटिश सम्राटाच्या मदतीला आले आणि 5 मे 1941 ला, राजधानी पडली त्याच तारखेला, ते आदिस अबाबात परतले. त्या मोहिमेत एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांवर जी भयंकर लढाई झाली त्यात आपल्या मराठा लाईट इन्फंट्रीचे जवान होते, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं म्हणून जाता जाता लिहिलं.

आता माझा आवडता मुद्दा, आणि तो मराठीत विचार केला तरच नीट दिसतो. आपल्याकडे "आम्ही" आणि "आपण" वेगळे आहेत. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, त्यामुळे इंग्रजी भाषण वाचताना मी पेन्सिल घेऊन प्रत्येक ठिकाणी लिहिते की इथे मराठीत काय येईल. मागणाऱ्याचं भाषण "आम्ही" ने सुरू होतं, आम्ही मरतोय, आमची घरं पडली, आणि ते "आपण" वर कधी पोचतं यावर सगळा खेळ.

चर्चिलचं 26 डिसेंबर 1941 चं काँग्रेससमोरचं भाषण या दृष्टीने बघा. पर्ल हार्बरवरचा जपानी हल्ला होऊन तीन आठवडेही झाले नव्हते, अमेरिका युद्धात उतरलेलीच होती, मग मागायचं काय राहिलं? राहिलं होतं. अमेरिकेचा सगळा राग जपानवर होता आणि चर्चिलला हवं होतं की आधी जर्मनी. म्हणजे काम फार नाजूक, संतापलेल्या माणसाला सांगायचं की तुला ज्याने मारलं त्याला नंतर बघू. त्याने काय केलं, सुरुवातीलाच विनोद. त्याची आई अमेरिकन, ब्रुकलिनची, त्यावरून म्हणाला की माझे वडील अमेरिकन आणि आई ब्रिटिश असं उलटं असतं तर मी इथे स्वतःच्या जोरावरही आलो असतो. हशा, टाळ्या. पण हा नुसता हशा नाही, पाहुणा एका वाक्यात घरचा झाला, "आम्ही" चं "आपण" झालं. मग पुढे जपानबद्दल बोलताना त्याने विचारलं की हे लोक आपल्याला समजतात तरी कोण. हे वाक्य मराठीत "आम्हाला समजतात कोण" असं करून बघा, मेलं ना लगेच? सभागृह तिथे उसळलं, आणि जपानवरच्या रागाला वाट मिळाल्यामुळे जर्मनी आधी हा हिशोब गिळायला सोपा गेला. अर्थात त्याच दिवसांत बंद खोल्यांत दोन्हीकडचे सेनापती बसून तेच ठरवत होते, भाषण परत पूरकच.

झेलेन्स्कीने 2022 च्या मार्चमध्ये व्हिडिओवरून जी भाषणांची माळ लावली तिचं तंत्र हेच, यजमानाच्या आठवणीत शिरायचं. 8 मार्चला ब्रिटिश खासदार कानाला हेडफोन लावून ऐकत होते आणि त्याने शेक्सपियरचं असावं की नसावं काढलं, मग जंगलांत लढू, शेतांत लढू, किनाऱ्यांवर लढू, रस्त्यांवर लढू, म्हणजे त्यांच्याच चर्चिलचा ठेका. 16 मार्चला अमेरिकेला पर्ल हार्बर आणि 11 सप्टेंबर, आणि मार्टिन ल्यूथर किंगचं स्वप्न वळवून "माझी एक गरज आहे". तेव्हा त्याने नो फ्लाय झोन मागितला, म्हणजे युक्रेनच्या आकाशात रशियन विमानांना बंदी, मिळणार नाही हे बहुतेक त्यालाही माहीत असावं असा माझा अंदाज, कारण लगेच म्हणाला की हे फार होत असेल तर दुसरा पर्याय आहे, आम्हाला हवाई संरक्षण यंत्रणा द्या, विमानं द्या. बाजारात करतो तसं, आधी मोठा आकडा मग खरा. नो फ्लाय झोन नाहीच मिळाला, पण बायडेनने त्याच दिवशी 80 कोटी डॉलरची लष्करी मदत जाहीर केली.

पण दुसऱ्याच्या आठवणीत शिरताना चप्पल बाहेर काढावी लागते. 20 मार्चला इस्रायलच्या संसदेसमोर, त्यांची जुनी पंतप्रधान गोल्डा मेयर कीवमध्ये जन्मली होती तिचं वाक्य वगैरे सगळं बरोबर निवडलं, आणि मग रशियाच्या वागण्याची तुलना नाझींच्या ज्यू संहाराशी केली. ते त्यांना लागलं. तिथल्या नेत्यांनी उघडपणे सांगितलं की ही तुलना चालणार नाही. झेलेन्स्की स्वतः ज्यू कुटुंबातला, तरीही. माझा अनुभव सांगते, ज्या दुःखाला लोक स्वतःचं एकट्याचं समजतात त्याला उपमा म्हणून हात लावायचा नसतो, तुम्ही कितीही जवळचे असलात तरी. आमच्याकडे एका वक्त्याने भूकंपग्रस्त गावात जाऊन आपल्या संस्थेच्या आर्थिक अडचणीला "हाही एक भूकंपच" म्हटलं होतं, सभा तिथेच संपली. (ते वाक्य माझं नव्हतं, एवढं बरं.)

त्याच्या उलट तीनच दिवसांनी, 23 मार्चला, जपानच्या संसदेसमोरचं. एक आठवडा आधी पर्ल हार्बर काढलेलं, म्हणजे जपानी लोक आधीच जरा दुखावलेले. इथे त्याने हिरोशिमाचं नाव घेतलंच नाही. चेर्नोबिल म्हणाला, सरिनसारख्या वायूच्या हल्ल्याची भीती म्हणाला, आक्रमणाची त्सुनामी म्हणाला, घर सोडावं लागलेल्या माणसांना परत जायची ओढ असते म्हणाला. ज्याला फुकुशिमा आठवायचं त्याला आठवलं, टोकियोतला मेट्रोमधला सरिन हल्ला आठवायचा त्याला तो, नाव कुणी घेतलं नाही. आणि मागितलं काय, तर निर्बंध, पुनर्बांधणी, संयुक्त राष्ट्रांत सुधारणा. जपान तेव्हा मारक शस्त्रं देऊच शकत नव्हता तर शस्त्रं मागितलीच नाहीत. ज्याच्या खिशात जे आहे तेच मागावं. मला हे त्या माळेतलं सगळ्यात कसबी भाषण वाटतं, आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी होते कारण त्यात टाळीचं वाक्य नाही.

जर्मनीत 17 मार्चला वेगळाच सूर, सरळ कानउघाडणी. नाझी काळाबद्दल दरवर्षी "पुन्हा कधीच नाही" म्हणता, त्या शब्दांना आता काय किंमत आहे, युरोपात नवी भिंत उभी राहतेय ती पाडा. लोक उभे राहिले, टाळ्या झाल्या, आणि मग संसदेच्या उपाध्यक्षांनी सदस्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा देऊन पुढचा विषय घेतला. त्यावरून तिकडे भरपूर टीका झाली. रागवायचं की नाही हा प्रश्न मला नेहमी विचारतात, माझं मत असं की ज्याला अपराधी वाटतंय त्याच्यावर एकदाच रागवता येतं, दुसऱ्यांदा तो सवयीने मान खाली घालतो आणि काम पुढे सरकत नाही. लेपर्ड रणगाडे द्यायचा जर्मनीचा निर्णय यायला जानेवारी 2023 उजाडला.

म्हणजे इथपर्यंतचं म्हणायचं तर, निर्णय आधी शिजत असतो, भाषण देणाऱ्याला घरी सांगायला वाक्य देतं, आणि ते वाक्य त्याच्या आठवणीतून आणि त्याच्या खिशाच्या मापाचं काढावं लागतं. आता तुमचा मूळ प्रश्न, मग 2023 मध्ये अडकलं का.

कारण सभागृह बदललं, ऐकणारा बदलला. सप्टेंबर 2023 ला झेलेन्स्की परत वॉशिंग्टनला गेला तेव्हा त्याला दोन्ही सभागृहांसमोर बोलायचं निमंत्रणच मिळालं नाही, आता सभापती झालेल्या मॅकार्थींनी वेळ नाही म्हटलं. सिनेटर बंद दाराआड भेटले. पुढच्याच महिन्यात मॅकार्थींचीच खुर्ची त्यांच्या पक्षातल्या लोकांनी काढून घेतली. डिसेंबरमध्ये परत दौरा, तोपर्यंत मदतीची गाठ अमेरिकेच्या दक्षिण सीमेच्या प्रश्नाला बांधली गेली होती. म्हणजे खासदाराला मतदार आता विचारत होता की त्यांच्या सीमेसाठी पैसे आणि आपल्या सीमेसाठी? आणि या प्रश्नाला डिसेंबर 2022 च्या भाषणात उत्तर नव्हतं, असणं शक्यही नव्हतं. "आपण" होतं ते परत "तुम्ही" आणि "आम्ही" झालं. जवळपास 61 अब्ज डॉलरचं पॅकेज कनिष्ठ सभागृहात पास व्हायला 20 एप्रिल 2024 उजाडली, 311 विरुद्ध 112 मतांनी, आणि तेही भाषणाने नाही, सभापती माईक जॉन्सन यांनी शेवटी मतदानाला घ्यायचं ठरवलं म्हणून. भाषणाला एक्स्पायरी डेट असते हो, दुधासारखी. जुन्या टाळ्यांवर नवीन चेक निघत नाही.

नौटंकी म्हणालात त्याबद्दल. थोडी असतेच, आणि त्यात वाईट काही नाही. बाखमुतच्या आघाडीवर आदल्याच दिवशी जाऊन सैनिकांच्या सह्यांचा झेंडा घेऊन येणं, तो सभागृहात तेव्हाच्या सभापती नॅन्सी पेलोसी आणि उपराष्ट्राध्यक्ष कमला हॅरिस यांच्या हातात देणं, सूटऐवजी लष्करी हिरवा स्वेटशर्ट, हे सगळं ठरवून केलेलं. हा माणूस मूळचा विनोदी नट, त्याला स्टेज कळतं. पण झेंड्याचं काम बघा, वस्तू हातात आली की घेणाऱ्यालाही ती जपायची जबाबदारी येते. फेब्रुवारी 2023 ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये त्याने सभापतींना वैमानिकाचं हेल्मेट दिलं, त्यावर लिहिलेलं की आमच्याकडे स्वातंत्र्य आहे, ते राखायला आम्हाला पंख द्या. मागणी वस्तूवरच लिहिलेली, म्हणजे फोटो छापला की मागणी छापली गेली. एफ-16 विमानं युक्रेनला पोचली 2024 च्या उन्हाळ्यात, तीही इतर देशांकडून, पण ते हेल्मेट मधला सगळा काळ तिथे होतंच ना आठवण करून द्यायला.

खरी नौटंकी बघायची तर 15 डिसेंबर 1971, न्यूयॉर्क, सुरक्षा परिषद. ढाका पडायला आलेलं, झुल्फिकार अली भुट्टो बोलता बोलता हातातले कागद फाडून उठून गेले. दुसऱ्या दिवशी ढाक्यात शरणागती. त्या भाषणाने परिषदेत काही मिळणार नव्हतं आणि मिळवायचंही नसावं, ऐकणारे तिथे बसलेलेच नव्हते, ते घरी पाकिस्तानात होते. 20 डिसेंबरला भुट्टो राष्ट्राध्यक्ष झाले. मी याला अपयशी भाषण म्हणत नाही, फक्त मागणीचं भाषण म्हणत नाही.

आणि यजमानाच्या चुकीनेही भाषण वाया जातं, ते लिहायचं राहिलंच. सप्टेंबर 2023 मध्ये कॅनडाच्या संसदेत झेलेन्स्की बोलला, त्याच बैठकीत सभापतींनी गॅलरीतल्या एका 98 वर्षांच्या युक्रेनियन वंशाच्या माणसाला वीर म्हणून उभं केलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि नंतर कळलं की तो दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या वाफेन एसएसच्या तुकडीत होता. सभापतींना राजीनामा द्यावा लागला. आता त्या दिवशीचं भाषण कुणाला आठवतं? म्हणून मी कार्यक्रमपत्रिका मागून घेते, आधी कोण बोलणार, सत्कार कुणाचा, नंतर कोण. लोक हसतात, हसू देत.

तुमच्या मुलीबद्दल. तिने पूर्ण भाषण मराठीत करायचं असेल तर पहिलं काम "आम्ही" आणि "आपण" वेगवेगळ्या रंगाने मार्क करणं, तिला भाषणाचा उतार लगेच दिसेल. रुझवेल्टचं वाक्य आणि साराटोगाची लढाई हे संदर्भ परीक्षकांना दोन शब्दांत सांगावे लागतील, की साराटोगा म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातली निर्णायक लढाई, नाहीतर ते नुसतं नाव राहतं. नाताळचा परिच्छेद तिने अजिबात रडवेला करू नये, तो म्हणतो की दोन दिवसांनी आमच्याकडे नाताळ, कदाचित मेणबत्तीच्या उजेडात, रोमँटिक म्हणून नाही, वीज नसेल म्हणून, आणि हे सरळ, बातमी सांगितल्यासारखं म्हटलं तरच लागतं.

आणि मधे एक जागा आहे, ती मात्र तिच्याकडून दहा वेळा करून घ्या. तो म्हणतो, तोफा आहेत आमच्याकडे, हो, धन्यवाद, आहेत. पुरेशा आहेत का? खरं सांगायचं तर, नाही. सभागृह हसलं तिथे. अब्जावधी देणाऱ्याच्या घरात उभं राहून, आभार मानून, त्याच दमात अजून मागणं, आणि समोरचा चिडायच्या ऐवजी हसतोय. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, इथे आहे. "पुरेशा आहेत का" नंतर तिला दोन आकडे मनात मोजायला सांगा, घाई केली की ते वाक्य तक्रार वाटतं. आणि "नाही" हळू आवाजात.